साडेचौतीस ते एकेचाळीस किलो: ब्राउन-सेकार यांनी स्वतःला टोचलेलं तारुण्य

  ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे थोडा नीटनेटका करून लिहून देतोय.

हल्ली जिममध्ये, ऑफिसच्या कँटीनमध्ये, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर एक संभाषण हमखास ऐकू येतं. कुणी म्हणतो, "माझं टेस्टोस्टेरॉन कमी आलंय." कुणी म्हणतो, "मी जेल सुरू केलंय, पंधरा दिवसांत फरक पडला." मग मोबाइल पुढे येतो. झोप किती तास, वजन किती उचललं, सकाळी मूड कसा होता, सगळ्याचे आलेख तयार असतात. माणूस स्वतःच डॉक्टर, स्वतःच रोगी आणि स्वतःच कारकून!

हे सगळं मोबाइल आल्यावर सुरू झालं असं वाटत असेल, तर आजची गोष्ट जरूर ऐका. हार्मोन हा शब्दसुद्धा जन्माला आला नव्हता, तेव्हा पॅरिसमधल्या एका बहात्तर वर्षांच्या प्राध्यापकांनी हेच सगळं केलं होतं. इंजेक्शन स्वतःच तयार केलं, स्वतःलाच टोचलं, आकडे लिहून ठेवले आणि जगापुढे मांडले. आकडे खरे होते. माणूस प्रामाणिक होता. तरीही निष्कर्ष साफ चुकला. आणि गंमत म्हणजे, त्या चुकलेल्या प्रयोगाभोवती जे वारं सुटलं त्यातूनच पुढे एक आख्खं शास्त्र उभं राहिलं. हे दोन्ही एकदम कसं झालं, ते आज बघू.

मॉरिशसचा मुलगा

त्यांचं नाव शार्ल-एदुआर ब्राउन-सेकार. जन्म १८१७ चा, मॉरिशसमधल्या पोर्ट लुईचा. हो, तेच मॉरिशस. गुलामगिरी बंद झाल्यावर उसाच्या मळ्यांसाठी मुंबईच्या बंदरातून आपली मराठी माणसं मजूर म्हणून जिथे गेली, तेच. ब्राउन-सेकार यांचा जन्म त्याच्या थोडा आधीचा. वडील अमेरिकन दर्यावर्दी, ते मुलाच्या जन्माआधीच वारले. आई फ्रेंच वंशाची. बेट तेव्हा ब्रिटिशांच्या ताब्यात. त्यामुळे हा माणूस नेमका कुठला, हा प्रश्न आयुष्यभर त्यांच्या मागे राहिला. ते पॅरिसला वैद्यक शिकले. पुढे लंडनच्या इस्पितळात काम केलं, अमेरिकेत हार्वर्डला शिकवलं. १८७८ मध्ये क्लोद बेर्नार वारले. आधुनिक शरीरक्रियाशास्त्राचा पाया घालणाऱ्यांपैकी ते एक. पॅरिसच्या कॉलेज द फ्रान्समधली त्यांची खुर्ची ब्राउन-सेकार यांना मिळाली. म्हणजे माणूस कुणी भोंदू वैद्य नव्हता, आपल्या क्षेत्रातला पहिल्या रांगेतला होता.

मज्जारज्जूला एका बाजूने इजा झाली की काय होतं, याचं वर्णन त्यांनी केलं. त्या अवस्थेला आजही वैद्यकाच्या पुस्तकात त्यांचंच नाव आहे. १८५६ मध्ये त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अॅड्रिनल ग्रंथी काढून टाकल्या, तर प्राणी जगत नाहीत. एवढ्याशा ग्रंथी, त्यांना बाहेर जाणारी नळीसुद्धा नाही, पण त्या नसतील तर मरण. म्हणजे या ग्रंथी रक्तात काहीतरी सोडत असणार, हा विचार तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होता.

आणि स्वतःवर प्रयोग करण्याची खोड तर जुनीच. तरुणपणी पोटातला पाचकरस मिळवण्यासाठी दोऱ्याला बांधलेला स्पंज गिळायचा आणि ओढून बाहेर काढायचा, असले उद्योग त्यांनी केले. त्यातून गिळलेलं अन्न परत तोंडात येण्याची सवय जडली ती कायमची. अमेरिकेतल्या रिचमंडमध्ये असताना तर त्वचेचं काम काय ते समजावं म्हणून त्यांनी अंगाला चक्क व्हार्निश फासून घेतलं आणि मरता मरता वाचले. १८५४ मध्ये मॉरिशसला कॉलरा आला, तेव्हा तिथे मदतीला गेले आणि औषध तपासायचं म्हणून रोग्यांची उलटी गिळली. ऐकवत नाही ना? पण त्या काळात स्वतःच्या अंगावर घेणं हा शास्त्रज्ञाच्या सचोटीचा पुरावा मानला जायचा. जे दुसऱ्याला देणार, ते आधी स्वतः घेणार.

१ जून १८८९

आता मुख्य प्रसंगाकडे येऊ. साठीनंतर ब्राउन-सेकार यांची ताकद ओसरत चालली होती. प्रयोगशाळेत अर्धा तास उभं राहिलं की बसावं लागायचं. बसून काम केलं तरी तीन-चार तासांत, कधी दोनच तासांत गळून जायचे. संध्याकाळी घरी यायचं, कसंबसं जेवायचं आणि अंथरुणावर पडायचं. थकवा इतका, की झोपही धड लागायची नाही.

त्यांचा तर्क असा होता. लहानपणीच खच्ची केलेल्या पुरुषांमध्ये ताकद आणि उमेद कमी दिसते, असं त्या काळी मानलं जायचं. म्हणजे वृषणांतून रक्तात काहीतरी बळ देणारं उतरत असलं पाहिजे. म्हातारपणी ते कमी होतं. मग ते बाहेरून दिलं तर? ही कल्पना त्यांनी १८६९ मध्येच आपल्या व्याख्यानांतून बोलून दाखवली होती. आता स्वतःवर पाळी आली, तेव्हा त्यांनी ती करून बघायची ठरवली.

१५ मे १८८९ ला त्यांनी पहिलं इंजेक्शन घेतलं. तरुण, धडधाकट कुत्र्याचं वृषण काढल्याबरोबर कुटायचं. त्यात तिथल्या शिरांमधलं रक्त आणि वीर्य मिसळायचं, थोडं शुद्ध पाणी घालायचं, गाळायचं आणि साधारण एक घन सेंटिमीटर कातडीखाली टोचायचं. पुढची इंजेक्शनं गिनी पिगच्या वृषणांची. ४ जूनपर्यंत एकूण दहा झाली, दोन डाव्या हातात आणि बाकीची पायांत. दुखायचं भयंकर, टोचलेली जागा सुजायची. तरी थांबले नाहीत.

१ जूनला, म्हणजे पहिल्या इंजेक्शनानंतर अवघ्या सतराव्या दिवशी, ते पॅरिसच्या जीवशास्त्र संस्थेत, सोसिएते द बिओलोजीमध्ये उभे राहिले आणि म्हणाले, मला फरक पडलाय. २० जुलैला लंडनच्या 'द लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा इंग्रजी लेख छापून आला.

त्यांनी काय काय मोजलं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ब्राउन-सेकार यांनी नुसतं "बरं वाटतंय" असं म्हटलं नाही. त्यांच्याकडे डायनामोमीटर होता. हाताच्या पकडीची ताकद किलोग्रॅममध्ये दाखवणारं हे यंत्र. आणि मंडळी, ते स्वतःच्या पकडीच्या नोंदी १८६० पासून ठेवत आले होते! म्हणजे जवळजवळ तीस वर्षांचा हिशोब. आजच्या कुठल्या मोबाइल ॲपमध्ये एवढा जुना डेटा सापडेल?

नोंदी अशा. १८६३ मध्ये लंडनला असताना सरासरी ४३ किलो. १८८९ मध्ये इंजेक्शनाच्या आधी सरासरी साडेचौतीस, कमीत कमी ३२ आणि जास्तीत जास्त ३७. इंजेक्शनानंतर सरासरी ४१, म्हणजे ३९ ते ४४ च्या दरम्यान. सहा-सात किलोंची वाढ. सव्वीस वर्षांपूर्वीची ताकद जवळपास परत आली!

बाकीच्या नोंदीही आहेत. २३ मे रोजी सव्वातीन तास उभं राहून प्रयोग केले आणि रात्री जेवण झाल्यावर एका अवघड विषयावर दीड तास लिहीत बसले. वीस वर्षांत असं जमलं नव्हतं, असं ते म्हणतात. जिने पूर्वीसारखे जवळजवळ पळतच चढू-उतरू लागले. पोट साफ होण्याची तक्रार कमी झाली. आणि हो, लघवीची धार किती लांब जाते हेसुद्धा मोजलं. आधीच्या दहा दिवसांतली धार नंतरच्या वीस दिवसांपेक्षा निदान एक चतुर्थांशाने कमी होती, असा हिशोब त्यांनी छापला. हसू येतंय ना? पण क्षणभर थांबा. लाज बाजूला ठेवून, आपल्या शरीराचं सगळं जगापुढे ठेवणारा बहात्तर वर्षांचा नामवंत प्राध्यापक डोळ्यांसमोर आणा. खोटं बोलायचं असतं तर यापेक्षा सभ्य खोटं बोलले असते.

पुढे त्यांनी आणखी एक शहाणपण केलं. इंजेक्शनं बंद केली आणि काय होतं ते बघितलं. साधारण चार आठवडे फायदा टिकला. जुलैपासून मात्र ताकद भराभर ओसरू लागली आणि जुना अशक्तपणा परत आला. सुरू केलं की वाढतं, बंद केलं की उतरतं. याला ते उलट बाजूचा पुरावा मानत होते. आजही स्वतःवर प्रयोग करणारे हुशार लोक अगदी हेच करतात.

मग बिनसलं कुठे?

एका शब्दात सांगायचं तर त्या द्रवात टेस्टोस्टेरॉन जवळजवळ नव्हतंच.

कारण समजून घ्या, सोपं आहे. वृषण टेस्टोस्टेरॉन तयार करतं, पण त्याचा साठा करत नाही. तयार झालं की रक्तात सोडून मोकळं. म्हणजे वृषण हा कारखाना आहे, गोदाम नव्हे. कारखाना कुटून गाळला तर माल कितीसा हाती लागणार? त्यात टेस्टोस्टेरॉन स्निग्ध पदार्थात विरघळतं, पाण्यात नीट विरघळत नाही. आणि यांनी अर्क काढला पाण्यात. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काही डॉक्टरांनी कुत्र्यांची वृषणं घेऊन, ब्राउन-सेकार यांच्याच कृतीने तो अर्क पुन्हा करून बघितला. त्यात जेवढं टेस्टोस्टेरॉन निघालं ते उपचाराला लागणाऱ्या मात्रेच्या हजारो पट कमी होतं. म्हणजे त्या सहा-सात किलोंचं श्रेय हार्मोनला देताच येत नाही.

मग ते आले कुठून? पकड मोजणं हे ताप मोजण्यासारखं नसतं, बरं का. ताप थर्मामीटर मोजतो, तुमची इच्छा असो वा नसो. पकडीच्या यंत्रावर आकडा किती येईल हे तुम्ही किती जोर लावता त्यावर ठरतं. आणि जोर लावणाऱ्याला मनातून आकडा वाढायला हवा असेल, तर तो नकळत दात-ओठ खाऊन दाबतो. यात लबाडी नाही. उमेद आली की माणूस खरोखरच जास्त दाबतो, खरोखरच जास्त वेळ उभा राहतो. शिवाय माणूस उपचार सुरू करतो तेव्हा तो सहसा आपल्या सगळ्यात वाईट दिवसांत असतो. त्यानंतर काहीही केलं, अगदी काहीही केलं नाही, तरी थोडी सुधारणा व्हायचीच.

हा मनाचा खेळ असेल, ही शंका त्याच वेळी काढली गेली होती. ब्राउन-सेकार यांनाही ती माहीत होती, त्यांनी लेखात तिला उत्तरही दिलं. व्हारिओ नावाच्या डॉक्टरांनी तीन वृद्धांना, काय टोचतोय हे न सांगता, असाच अर्क दिला होता आणि त्यांच्यातही सुधारणा दिसली होती. दुसऱ्या काही जणांना नुसतं पाणी टोचलं, त्यांना फरक जाणवला नव्हता. त्या काळाच्या मानाने हा चांगला प्रयत्न होता. पण माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि कुणाला अर्क दिला अन् कुणाला पाणी हे टोचणाऱ्या डॉक्टरांना ठाऊक. "आज कसं वाटतंय?" हा एकच प्रश्न दोन सुरांत विचारता येतो, हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

इथे मला एक गोष्ट राहून राहून आश्चर्याची वाटते. यावरचा उपाय त्याच पॅरिस शहरात शंभर वर्षं आधी वापरला गेला होता. १७८४ मध्ये मेस्मर यांच्या 'प्राणिज चुंबकत्वा'ची फार चलती होती. राजाने चौकशी समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन होते, रसायनशास्त्रज्ञ लव्हॉयझिए होते. समितीने साधी युक्ती केली, लोकांच्या डोळ्यांवर पट्टी बांधली. तुमच्यावर चुंबकत्व सोडलंय असं खोटंच सांगितलं की लोकांना झटके यायचे, आणि न सांगता सोडलं की काहीच नाही. पट्टी बांधल्याबरोबर सगळं उघड झालं. पण औषधांची पद्धतशीर तपासणी अशी डोळे बांधून करायची, ही रीत वैद्यकात रुळायला विसावं शतक उजाडावं लागलं.

जगभर उडालेला धुरळा

बातमी फुटायला वेळ लागला नाही. म्हातारपणावर औषध सापडलं म्हटल्यावर काय होणार! काही वैद्यकीय नियतकालिकांनी म्हातारचळ म्हणून टिंगल केली. अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांनी त्याला थेट 'जीवनामृत' करून टाकलं. पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार आणि त्यांचे सहकारी दार्सोनव्हाल हा अर्क डॉक्टरांना फुकट देत होते. अट एकच, काय परिणाम झाला ते कळवायचं. बाहेर मात्र ज्याला जमेल त्याने बाटल्या भरून विकायला सुरुवात केली. ब्राउन-सेकार यांनी स्वतः या प्रकारातून पैसे कमावले नाहीत, धंदा इतरांनी केला.

खेळाडूही मागे राहिले नाहीत. ऑगस्ट १८८९ मध्ये, म्हणजे लॅन्सेटमधल्या लेखानंतर महिन्याच्या आत, पड गॅल्व्हिन या अमेरिकन बेसबॉलपटूने हा अर्क घेतल्याची बातमी वॉशिंग्टनच्या वर्तमानपत्रात आली. त्याचा संघ सामना जिंकला आणि वर्तमानपत्राने श्रेय अर्कालाही दिलं. लपवाछपवी काही नव्हती, उलट कौतुकच झालं.

१८९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात ओस्कर झोथ आणि फ्रिट्झ प्रेगल या दोघांनी बैलाच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला. मधल्या बोटाने वजन उचलत उचलत ते थकेपर्यंत किती काम होतं, हे एर्गोग्राफ नावाच्या यंत्रावर मोजलं. छान आलेख काढले. निष्कर्ष काय, तर ताकद वाढली, खेळाडूंवर हा प्रयोग करून बघायला हवा. यातले प्रेगल कुणी साधेसुधे नव्हते. रसायनांचं अतिसूक्ष्म मोजमाप करण्याच्या पद्धतीसाठी त्यांना १९२३ चं नोबेल मिळालं. मोजण्यात जगात ज्याचा हात धरणारं कुणी नाही, असा माणूससुद्धा स्वतःला मोजताना फसू शकतो.

चुकीच्या वाटेवरचं खरं गाव

आता नाण्याची दुसरी बाजू. ब्राउन-सेकार यांचा प्रयोग फसला, पण कल्पना खरी होती. ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात, आणि ते कमी पडलं तर बाहेरून देता येतं.

याचा भक्कम पुरावा तर चाळीस वर्षं आधीच नोंदवलेला होता. १८४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेनला बेर्टहोल्ड यांनी कोंबड्यांवर प्रयोग केले. कोंबडा खच्ची केला की तुरा बारीक होतो, आरवणं जातं, भांडणं थांबतात. पण काढलेलं वृषण त्याच्याच पोटात दुसरीकडे बसवलं, तर कोंबडा कोंबडाच राहतो. मज्जातंतू तर तुटलेले. मग संदेश जातो कुठून? रक्तातून. कोंबड्याला कुणी काय टोचलंय हे माहीत नसतं, आणि त्याचा तुरा उमेदीने वाढत नाही. म्हणून हा पुरावा पक्का. पण तो निबंध कित्येक वर्षं धूळ खात पडला.

ब्राउन-सेकार यांच्या गाजावाजानंतर डॉक्टर मंडळी सगळ्याच ग्रंथींच्या मागे लागली. बरंचसं फुकट गेलं, पण एक गोष्ट लागू पडली. १८९१ मध्ये इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या जॉर्ज मरे यांनी मेंढीच्या थायरॉइड ग्रंथीचा अर्क एका ४६ वर्षांच्या बाईंना टोचला. थायरॉइड बंद पडल्यामुळे त्या सुजल्या होत्या, सुस्त झाल्या होत्या. त्या सुधारल्या. नुसत्या सुधारल्या नाहीत, पुढे २८ वर्षं जगल्या. तेवढ्या काळात त्यांच्यासाठी ८७० च्या वर मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. १८९२ मध्ये तर कळलं की टोचायचीही गरज नाही, ग्रंथी खाल्ली तरी चालते.

थायरॉइडला जमलं ते वृषणाला का नाही? कारण थायरॉइड आपलं हार्मोन साठवून ठेवते, ती गोदाम आहे. आणि तिचं हार्मोन पोटातून रक्तात पोचतं. टेस्टोस्टेरॉन खाल्लं तर यकृत त्याचा बराचसा भाग पहिल्याच फेरीत संपवतं. आपल्याकडे वाजीकरण हे आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी एक. सुश्रुतसंहितेत बोकडाच्या वृषणांबरोबर शिजवलेल्या दुधाचा प्रयोग आहे. म्हणजे वृषणात बळ आहे हे निरीक्षण आपल्याकडेही फार जुनं. पण कारखाना शिजवून खाल्ला तरी अडचण तीच.

हार्मोन हा शब्द १९०५ मध्ये लंडनच्या स्टार्लिंग यांनी वापरात आणला. खरं टेस्टोस्टेरॉन हाती यायला १९३५ साल उजाडलं. ॲमस्टरडॅमला लाकर यांच्या गटाने शंभर किलो बैलांच्या वृषणांमधून जेमतेम दहा मिलिग्रॅम स्फटिक मिळवले. त्याच वर्षी बुटेनांट आणि रुझिका यांनी ते प्रयोगशाळेत तयार केलं, त्यांना १९३९ चं नोबेल जाहीर झालं. आता विचार करा. शंभर किलोंत दहा मिलिग्रॅम, तर ब्राउन-सेकार यांच्या त्या एक घन सेंटिमीटरमध्ये किती असेल!

आता खरं औषध हातात आहे, मग?

१९४५ मध्ये पॉल द क्रुइफ या लोकप्रिय अमेरिकन विज्ञानलेखकाने पुरुषी हार्मोनवर पुस्तक लिहिलं आणि आपण स्वतः ते घेतो हेही सांगितलं. या वेळी हार्मोन खरं होतं. पण प्रश्न उरतोच. फायदा किती हार्मोनचा आणि किती उमेदीचा?

या प्रश्नाचं नीट उत्तर अलीकडे मिळालं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निकाल आले. ६५ वर्षांवरचे ७९० पुरुष, सगळ्यांचं टेस्टोस्टेरॉन कमी. निम्म्यांना खरं जेल, निम्म्यांना तसंच दिसणारं बिनऔषधाचं, एक वर्षभर. कुणाला काय मिळतंय हे रोग्यालाही माहीत नाही आणि डॉक्टरलाही नाही. लैंगिक बाबतीत मध्यम फायदा दिसला, मनःस्थितीत थोडासा. पण ब्राउन-सेकार ज्यासाठी तळमळत होते ती तरतरी, तो उत्साह? त्यात ठरवून घेतलेल्या कसोटीवर ठोस फरक निघाला नाही. खरं हार्मोन वर्षभर घेऊनही जे मिळालं नाही, ते ब्राउन-सेकार यांना पाण्यातल्या अर्काने दुसऱ्याच दिवशी मिळालं होतं. यावरून काय ते समजा.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगतो, विशेषतः जिममधल्या तरुण मित्रांना. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूला वाटतं, भरपूर आहे, कारखाना बंद करा. मग वृषणांना जाणारे आदेश थांबतात आणि शुक्राणू तयार होणं घटतं, काही वेळा पूर्ण थांबतं. हा परिणाम इतका भरवशाचा आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासली आणि १९९० मध्ये छापलेल्या निकालांत बहुतेकांचे शुक्राणू शून्यावर आले होते. बंद केल्यावर ते हळूहळू परत येतात, पण कित्येक महिने जातात. ज्याला घरात पाळणा हलायला हवाय, त्याने हे आधी समजून घ्यावं. ब्राउन-सेकार यांचा अर्क पोकळ होता, म्हणून तेवढ्यापुरते ते सुरक्षित होते. आपल्या हातातलं औषध पोकळ नाही. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायचं नसतं, त्यामागचं कारण हे.

आणि जे काही साधं, निरुपद्रवी, डॉक्टरांना विचारून घेताय, त्याचा हिशोब ठेवायचा असेल तर? जरूर ठेवा. फक्त ब्राउन-सेकार यांच्यापेक्षा एक पायरी पुढे जा. काय मोजणार ते आधीच लिहून ठेवा, मागाहून सोयीचा आकडा निवडू नका. सुरू करण्याआधी महिनाभर नुसतंच मोजा. जमल्यास घरच्या कुणाला तरी एकसारख्या दिसणाऱ्या रिकाम्या आणि खऱ्या कॅप्सूल आठवड्यांच्या पुड्यांत भरून द्यायला सांगा. कुठल्या आठवड्यात काय होतं ते त्यांच्याकडेच राहू द्या. मग शेवटी ताडून बघा. आपलीच परीक्षा, आपणच परीक्षक, पण निदान उत्तरपत्रिकेवरचं नाव झाकलेलं असू द्या.

ब्राउन-सेकार एप्रिल १८९४ मध्ये पॅरिसमध्ये वारले, पहिल्या इंजेक्शनानंतर पाच वर्षांच्या आत. आपल्या अर्कावरचा त्यांचा विश्वास शेवटपर्यंत ढळला नाही. तोवर मरे यांच्या त्या बाई मात्र मेंढीच्या थायरॉइडवर तीन वर्षं ठणठणीत होत्या आणि अजून पंचवीस वर्षं राहणार होत्या.

तर मंडळी, आजचा भाग इथेच थांबवू. तुमच्या घरात, मित्रांत कुणी असा हिशोब ठेवत असेल तर त्यांना हा भाग जरूर ऐकवा, आणि त्यांच्या वहीत सुरू करण्याआधीचा महिना आहे का, तेवढं विचारा.